वडील खेळले, आता मुलाचं काय? अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधली भरती, स्कॉलरशिप आणि माजी खेळाडूंची मुलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना शाळेत फुटबॉलची गोडी लागते, तेव्हा आई-वडिलांना बहुतेक वेळा हा खेळही नवा असतो आणि त्याभोवतीचा कारभारही. शेजारच्या घरातला मुलगा माजी खेळाडूचा असतो, त्याला दहावीतच कॉलेजांकडून ऑफर येते आणि आपल्या घरात प्रश्नांची रांग लागते. हा वशिला आहे का? ऑफर म्हणजे जागा पक्की का? आपल्या मुलाला संधी आहे का? इथली उत्तरं अशा घरांसाठी आहेत, आणि भारतात बसून हा खेळ आवडीने पाहणाऱ्यांसाठीही.

कॉलेज खेळाडूला पैसे का देतं?

अमेरिकन फुटबॉलमध्ये व्यावसायिक क्लबांच्या लहान मुलांसाठी अकादमी नसतात. शाळा, मग कॉलेज आणि मग एनएफएल, म्हणजे व्यावसायिक लीग, हाच रस्ता. त्यामुळे कॉलेजचा संघ हीच व्यावसायिक खेळाआधीची शेवटची पायरी. मिशिगन, टेनेसी, ओहायो स्टेट, टेक्सास अशा विद्यापीठांच्या मैदानांत एका सामन्याला लाखभर माणसं बसतात. टीव्हीचे करार, तिकिटं आणि देणग्या यांतून मोठा पैसा येतो. चांगला खेळाडू मिळवायचा तर त्याला शिक्षणाचा खर्च द्यावा लागतो, म्हणून ही स्कॉलरशिप. पूर्ण स्कॉलरशिपमध्ये फी, राहणं, जेवण, पुस्तकं येतात आणि २०१५ पासून मोठ्या कॉलेजांत प्रवास व किरकोळ खर्चाची रक्कमही येते. एक गोष्ट पालकांच्या ध्यानात येत नाही: राहण्या-जेवण्यासाठी मिळालेल्या भागावर आयकर लागू शकतो.

ती किती जणांना मिळते?

फार थोड्यांना. अमेरिकेत शाळेच्या पातळीवर साधारण दहा लाख मुलं फुटबॉल खेळतात. एनसीएए या संघटनेच्या कुठल्याही स्तरावर कॉलेजात खेळणारे त्यातले सुमारे ७ टक्के, आणि सर्वांत वरच्या डिव्हिजन वनमध्ये पोहोचणारे ३ टक्क्यांच्या आतबाहेर. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप दिलीच जात नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्या आयव्ही लीगमध्येही नाही, तिथे घरच्या उत्पन्नानुसार मदत मिळते. डिव्हिजन टूमध्ये संघामागे ३६ स्कॉलरशिपांइतकी रक्कम असते आणि ती बऱ्याच खेळाडूंत तुकड्यातुकड्यांनी वाटली जाते. ‘फुटबॉलवर फुकट शिक्षण’ हे वाक्य ऐकलं की आधी विचारावं, कुठल्या डिव्हिजनमध्ये?

ऑफर आली म्हणजे जागा पक्की झाली का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

कोच फोनवर किंवा भेटीत म्हणतो, ‘आम्ही तुला ऑफर देतोय.’ मुलगा त्याच संध्याकाळी ते समाजमाध्यमांवर टाकतो. हा झाला तोंडी शब्द. तो कॉलेजला बांधत नाही आणि मुलालाही बांधत नाही. एनसीएएच्या नियमाप्रमाणे लेखी ऑफर बारावीच्या वर्षातल्या १ ऑगस्टच्या आधी देताच येत नाही. मुलाने ‘मी कमिट झालो’ म्हणणं हाही तोंडीच शब्द, म्हणून तर रोज कोणी ना कोणी डीकमिट होत असतो, म्हणजे शब्द मागे घेत असतो.

त्यातही ऑफरचे प्रकार आहेत. काही ऑफर ‘आज हो म्हण, जागा तुझी’ अशा असतात. काही ऑफर म्हणजे फक्त ‘आमचं तुझ्याकडे लक्ष आहे’ एवढंच. त्याच जागेसाठी कोचच्या यादीत वर आणखी चौघं असतात, त्यांनी नकार दिला तर तुमचा नंबर. म्हणून मुलाने संकोच न करता विचारावं, ‘कोच, मी आज कमिट झालो तर तुम्ही घ्याल का?’ सरळ ‘हो’ येत नसेल, तर ती ऑफर अजून ऑफर झालेली नाही.

पक्कं होतं ते सही झाल्यावर. १९६४ पासून चालत आलेलं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. आता मुलगा आणि कॉलेज आर्थिक मदतीच्या करारावर सही करतात. सह्यांचा पूर्वीचा मोठा दिवस म्हणजे फेब्रुवारीतला पहिला बुधवार. २०१७ पासून डिसेंबरमध्येही सह्या होऊ लागल्या आणि आता बहुतेक नामवंत मुलं तेव्हाच मोकळी होतात. करार किती वर्षांचा, दुखापत झाली तर काय, कोच बदलला तर काय, हे सहीच्या आधी वाचून घ्या. मोठ्या कॉन्फरन्सनी, म्हणजे कॉलेजांच्या गटांनी, २०१५ मध्ये नियम केला की केवळ खेळ खालावला म्हणून स्कॉलरशिप काढून घ्यायची नाही. सगळीकडे तसं नाही.

माजी खेळाडूच्या मुलाला ऑफर लवकर मिळते, हे खरं आहे का?

खरं आहे. पण त्याची कारणं लोक समजतात तेवढी सोपी नाहीत.

पहिलं कारण शरीर. पंधरा वर्षांचा मुलगा अठराव्या वर्षी केवढा होईल, हा कोचपुढचा सर्वांत अवघड अंदाज. त्यासाठी ते मुलाबरोबर त्याच्या आई-वडिलांकडेही पाहतात. वडील एनएफएलमध्ये लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतले धिप्पाड खेळाडू होते, आई कॉलेजात खेळाडू होती, तर आज सडपातळ दिसणारा मुलगा उद्या भरेल असा विश्वास बसतो.

दुसरं कारण नाव. शेकडो मुलांच्या खेळाच्या फिल्म्स कोचच्या टेबलावर असतात. ओळखीचं आडनाव दिसलं की ती फिल्म आधी पाहिली जाते. इथे नावाचा फायदा नक्की होतो. मात्र तो फिल्म उघडली जाण्यापुरता असतो. पुढची तीन मिनिटं मुलाचा खेळच बोलतो. हरलेल्या कोचला कॉलेज दोन-तीन हंगामांत घरी पाठवतं, त्यामुळे जुन्या मित्राच्या मुलासाठी संघातली जागा वाया घालवणं त्याला परवडत नाही.

तिसरं कारण माझ्या मते सर्वांत मोठं आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं: माहिती. माजी खेळाडूला ठाऊक असतं की उन्हाळ्यात कुठल्या कॅम्पला न्यायचं, फिल्म कशी कापायची, कुठल्या कोचचं आश्वासन भरवशाचं आहे, मुलाला कुठल्या वयात वजन उचलायला लावायचं आणि कधी थांबवायचं. असा मुलगा नववीतच बारावीसारखा सराव करत असतो, कारण घरात शिकवणारा आहे. ही माहिती म्हणजेच खरा वारसा. आणि ती मिळवता येते, म्हणून मराठी पालकांनी इथे निराश होऊ नये.

वडील ज्या कॉलेजकडून खेळले तिथे मुलाला राखीव जागा असते का?

असा नियम अमेरिकेत नाही. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या एएफएलमध्ये आहे: वडील एखाद्या क्लबकडून किमान १०० सामने खेळले असतील, तर त्या क्लबला ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, त्यांच्या मुलावर पहिला हक्क सांगता येतो. अमेरिकेत तसं काही नाही. जुनं कॉलेज बोलावतं, मैदान दाखवतं, वडिलांची भिंतीवरची फ्रेम दाखवतं. हक्क मात्र कोणाचाच नसतो, ना कॉलेजचा मुलावर, ना मुलाचा जागेवर.

मग मॅनिंग घराण्याचं उदाहरण सगळे का देतात?

कारण या विषयातलं सगळं काही त्या एका घरात घडलं आहे.

आर्ची मॅनिंग १९६८ ते १९७० या काळात मिसिसिपी विद्यापीठाचा, म्हणजे ‘ओल मिस’चा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू होता. त्याच्या १८ नंबरवरून त्या कॅम्पसमध्ये गाड्यांची वेगमर्यादाच ताशी १८ मैल ठेवली आहे. थोरला मुलगा कूपर रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा. त्याने वडिलांचंच कॉलेज निवडलं, पण पाठीच्या कण्याचा आजार निघाला आणि वयाच्या अठराव्या वर्षी त्याचं खेळणं थांबलं.

मधला पेटन. १९९४ मध्ये त्याने वडिलांचं कॉलेज सोडून टेनेसी निवडलं. ओल मिसचे चाहते दुखावले, आर्चीला संतापाची पत्रं आणि फोन आले. आर्चीने मुलावर दबाव टाकला नाही, आणि त्या काळात त्या गावात हे सोपं नव्हतं. याबद्दल मला त्याचा मनापासून आदर आहे. पेटन १९९८ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला.

धाकटा ईलाय मात्र ओल मिसलाच गेला. इथे एक बारकावा आहे. टेनेसीत पेटनला शिकवणारे डेव्हिड कटक्लिफ १९९८ च्या अखेरीस ओल मिसचे मुख्य कोच झाले होते. ईलायसाठी वडिलांचं कॉलेज आणि भावाचा कोच एकाच ठिकाणी आले. त्याने १८ नंबर घेतला नाही, १० घेतला, आणि २०२१ मध्ये कॉलेजने तो नंबरही सन्मानाने निवृत्त केला.

तिसऱ्या पिढीत कूपरचा मुलगा आर्च. न्यू ऑर्लिन्सच्या इझिडोर न्यूमन शाळेतला हा मुलगा देशात सर्वांत जास्त मागणी असलेला क्वार्टरबॅक होता. आजोबा, वडील आणि एक काका ओल मिसचे, दुसरे काका टेनेसीचे, आणि जून २०२२ मध्ये त्याने निवडलं टेक्सास. तिथे पहिले दोन हंगाम तो बहुतेक वेळ क्विन यूअर्सच्या मागे थांबला आणि २०२५ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक झाला. एवढं मोठं आडनाव असूनही दोन वर्षं बाकावर बसायची तयारी त्याने दाखवली, हे मुलांना आवर्जून सांगण्यासारखं आहे.

वडिलांचं कॉलेज सोडून गेलेले आणखी कोण?

खरं तर तेच जास्त दिसतात. मार्विन हॅरिसन सिरॅक्यूजचा, त्याच नावाचा मुलगा ओहायो स्टेटला गेला, सर्वोत्तम रिसीव्हरला मिळणारं २०२३ चं बिलेटनिकॉफ पारितोषिक मिळवलं आणि २०२४ च्या ड्राफ्टमध्ये चौथा निवडला गेला. जॉन बोसा बॉस्टन कॉलेजचा, दोन्ही मुलं, जोई आणि निक, ओहायो स्टेटची. पॅट्रिक सर्टेन सदर्न मिसिसिपीचा, मुलगा अलाबामाचा. जॉन आल्ट आयोवाचा, मुलगा जो नोत्र डामचा. एमिट स्मिथ फ्लोरिडाचा, मुलाने स्टॅनफर्ड निवडलं.

बॅरी सँडर्सच्या मुलाची वाट जरा वेगळी. वडील ओक्लाहोमा स्टेटचे दैवत, सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन पारितोषिकाचे १९८८ चे विजेते. मुलगा २०१२ मध्ये स्टॅनफर्डला गेला आणि शेवटच्या २०१६ च्या हंगामासाठी वडिलांच्या कॉलेजात आला.

कारण साधं आहे. मुलगा कोच, अभ्यासक्रम आणि स्वतःच्या खेळाला जुळणारी पद्धत बघतो. वडिलांच्या काळातला कोच आता तिथे नसतो, कधीकधी तर ते कॉलेजही त्या तोडीचं राहिलेलं नसतं. आपल्याकडे अर्जुन तेंडुलकर २०२२ मध्ये मुंबई सोडून गोव्याकडे गेला आणि रणजी पदार्पणात शतक केलं, तेव्हा अनेकांना जे कळलं ते हेच: जिथे खेळायला मिळतं तिथे जावं.

वडिलांच्याच कॉलेजात जाऊन मोठं झालेलं कोणी?

ख्रिश्चन मॅकॅफ्री. वडील एड स्टॅनफर्डचे रिसीव्हर, आई तिथेच सॉकर खेळलेली, आईचे वडील डेव्ह साइम १९६० च्या ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचे रौप्यपदक विजेते. ख्रिश्चनने २०१५ च्या हंगामात एकूण ३,८६४ यार्डांची मजल मारून बॅरी सँडर्सचा २७ वर्षांचा विक्रम मोडला. पण त्याच घरातले बाकीचे तीन भाऊ सुरुवातीला ड्यूक, मिशिगन आणि नेब्रास्का अशा वेगवेगळ्या ठिकाणी गेले. एकाच घरातले चार भाऊ, एकाच वडिलांच्या हाताखाली वाढलेले, तरी चौघांच्या वाटा चार.

मोठं घराणं असूनही ऑफर न मिळालेला कोणी आहे का?

आहे, आणि ही गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. क्ले मॅथ्यूज. आजोबा एनएफएलमध्ये खेळलेले. वडील क्ले ज्युनियर यूएससीचे (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे) आणि मग एनएफएलमध्ये १९ हंगाम. काका ब्रूसही यूएससीचे, पुढे हॉल ऑफ फेममध्ये. घराण्याचं नाव चालत असतं तर या मुलाला कॉलेजांनी दारात उभं राहून ऑफर दिल्या असत्या.

तसं झालं नाही. अगूरा हायस्कूलमध्ये वडील स्वतः बचावफळीचे कोच होते आणि त्यांनीच त्याला अकरावीपर्यंत मुख्य संघात उतरवलं नाही, कारण तो अंगाने लहान होता. २००४ मध्ये तो यूएससीला वॉक-ऑन म्हणून गेला, म्हणजे स्कॉलरशिपविना, आपल्या खर्चाने, सरावात घाम गाळायला. स्कॉलरशिप मिळाली २००६ मध्ये. नियमित मुख्य संघात आला तो शेवटच्या वर्षी. आणि २००९ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच फेरीत ग्रीन बे पॅकर्सने त्याला घेतलं.

वॉक-ऑनमध्येही दोन प्रकार असतात. एक, कोचने स्वतः बोलावलेला, ज्याला संघात जागेची हमी असते पण पैसे नसतात. दुसरा, चाचणी देऊन आत येणारा. तुमच्या मुलाला पहिल्या प्रकारचं बोलावणं आलं तर ते हलक्यात घेऊ नका. पण घरखर्चाचं गणित आधी मांडा, कारण बाहेरच्या राज्यातल्या विद्यार्थ्याची फी फार मोठी असते.

वडील स्वतः कॉलेजचे कोच असतील तर?

तर मुलगा त्यांच्याकडे खेळू शकतो, त्यात नियमभंग नाही. डीऑन सँडर्स फ्लोरिडा स्टेटचा माजी खेळाडू. २०२० मध्ये तो जॅक्सन स्टेटचा मुख्य कोच झाला. मुलगा शेडूर आधी फ्लोरिडा अटलांटिकला कमिट होता, तो वडिलांकडे आला आणि २०२२ च्या अखेरीस वडील कोलोराडोला गेले तेव्हा त्यांच्यासोबत गेला. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये त्याची निवड पाचव्या फेरीत झाली, अपेक्षेपेक्षा बरीच उशिरा. वडिलांचा संघ मिळाला तरी पुढचा दरवाजा वडील उघडू शकत नाहीत.

उलट दिशेने मात्र बंधन आहे. चांगल्या खेळाडूला ओढण्यासाठी त्याच्या वडिलांना किंवा शाळेच्या कोचला कॉलेजात कसलीतरी कार्यालयीन नोकरी द्यायची, अशी वाट काही जण काढत होते. २०१७ मध्ये फुटबॉलसाठी नियम आला: मुलाच्या प्रवेशाच्या दोन वर्षं आधीपासून दोन वर्षं नंतरपर्यंत त्याच्याशी संबंधित माणसाला अशा बिगर-कोच जागेवर घेता येत नाही. प्रत्यक्ष मैदानावरच्या कोचची जागा त्यातून वगळलेली आहे.

आठवीतल्या मुलाला ऑफर आली, असं ऐकलं. शक्य आहे?

शक्य आहे आणि घडलं आहे. डेलावेअरचा डेव्हिड सिल्स २०१० मध्ये तेरा वर्षांचा असताना यूएससीला क्वार्टरबॅक म्हणून कमिट झाला. पुढे तिथला कोच गेला, मुलाचा खेळ बदलला, आणि तो अखेर वेस्ट व्हर्जिनियाकडून रिसीव्हर म्हणून खेळला. २०१७ च्या हंगामात त्याने १८ टचडाउन केले. त्याच्या चिकाटीने त्याचं भलं झालं. पण तेराव्या वर्षी मुलाच्या खांद्यावर एवढी जाहिरात लादणं मला चूक वाटतं. माजी खेळाडूंच्या मुलांवर तर ती आडनावामुळे आपोआप येते. अशा ऑफरला ‘धन्यवाद’ म्हणावं आणि मुलाला त्याच्या शाळेच्या संघात निवांत खेळू द्यावं.

वडील कोट्यधीश असताना मुलाने स्कॉलरशिप घ्यावी का?

नियमाने घेता येते. ही मदत गरजेवर ठरत नाही, कौशल्यावर ठरते. २०१२ मध्ये एका अतिश्रीमंत संगीतकाराच्या मुलाला यूसीएलएने सुमारे ५४ हजार डॉलरची फुटबॉल स्कॉलरशिप दिली तेव्हा यावर देशभर वाद झाला होता. मुलाने कमावलेल्या सन्मानावर त्याचा हक्क आहे, हे मला मान्य आहे. तरी जिथे पैसा मोजका आहे आणि तीच रक्कम दुसऱ्या मुलाला कॉलेजात आणू शकते, तिथे ऐपत असलेल्या घराने ती नाकारावी असं मला वाटतं. लहान कॉलेजांत तर हा फरक थेट दिसतो.

२०२५ पासून सगळं बदललं म्हणतात, ते काय?

६ जून २०२५ रोजी ‘हाउस विरुद्ध एनसीएए’ खटल्यातल्या तडजोडीला न्यायालयाने मंजुरी दिली. तोपर्यंत वरच्या स्तरावरच्या फुटबॉल संघाला ८५ स्कॉलरशिपांची मर्यादा होती. तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजांना आता स्कॉलरशिपची मर्यादा नाही, पण संघात १०५ पेक्षा जास्त खेळाडू ठेवता येत नाहीत. शिवाय कॉलेज स्वतःच्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षी सगळ्या खेळांना मिळून ही मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली.

ऐकायला हे छान आहे. पण याचा फटका वॉक-ऑनना बसला. पूर्वी अनेक संघांत १२० किंवा त्याहून जास्त मुलं असायची. आता १०५ च्या पुढची जागाच नाही. ज्यांच्या जागा या बदलामुळे जात होत्या त्यांना सूट देण्याची तरतूद न्यायाधीशांनी आग्रहाने करून घेतली, नव्याने येणाऱ्यांना ती नाही. उद्याच्या क्ले मॅथ्यूजला आत शिरायला जागा कमी झाली आहे, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

दुसरा बदल नावाच्या कमाईचा. १ जुलै २०२१ पासून खेळाडू स्वतःचं नाव आणि चेहरा जाहिरातीसाठी वापरून पैसे मिळवू शकतात. इथे प्रसिद्ध आडनावाचा फायदा उघड आहे. मैदानावर पाऊल टाकण्याआधीच कंपन्या दारात येतात.

तिसरा बदल ट्रान्सफर पोर्टलचा. खेळाडू आता एका कॉलेजातून दुसऱ्यात जाऊन लगेच खेळू शकतात. त्यामुळे कोच अठरा वर्षांच्या नवख्यापेक्षा बावीस वर्षांच्या तयार खेळाडूला पसंती देतात आणि शाळेतून येणाऱ्यांच्या जागा आटतात.

अभ्यासाचं काय?

डिव्हिजन वनसाठी शाळेत १६ ठरावीक मुख्य विषय पूर्ण हवेत, त्यांतले १० बारावी सुरू होण्याआधी, आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ ची सरासरी. एसएटी-एसीटी या प्रवेश परीक्षांची अट २०२३ मध्ये गेली. विषय चुकीचे निवडले तर ऑफर असूनही मुलगा अडकतो. म्हणून नववीतच शाळेच्या सल्लागाराकडे बसून यादी तपासा. आडनाव कितीही मोठं असो, इथे सवलत नाही.

माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात मिळणारं झुकतं माप ते हेच का?

नाही, ते वेगळं. तो प्रवेश विभागाचा विषय, त्याचा खेळाशी संबंध नाही. त्यावर आता बंदी येत आहे. कोलोराडो आणि व्हर्जिनियाने सरकारी विद्यापीठांत ते थांबवलं, कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये खाजगी विद्यापीठांसाठीही कायदा केला. २०१९ च्या प्रवेश घोटाळ्यात तर न खेळलेल्या मुलांना खेळाडू दाखवून, कोचना लाच देऊन आत घुसवलं होतं, आणि पालक तुरुंगात गेले. ‘खेळाडू कोट्यातून प्रवेश करून देतो’ म्हणणारा कोणी भेटला तर तिथूनच परत फिरा.

माजी खेळाडू स्वतःच्या मुलाला आनंदाने खेळू देतात का?

सगळे नाही. डोक्याला बसणारे मार काय करतात ते त्यांनी सोबत्यांमध्ये पाहिलेलं असतं. कर्ट वॉर्नरने २०१२ मध्ये जाहीरपणे म्हटलं होतं की आपल्या मुलांनी फुटबॉल खेळू नये असंच आपल्याला वाटतं. पुढे त्याचा मुलगा ई.जे. क्वार्टरबॅक झाला आणि टेंपल विद्यापीठाकडून खेळला. तुमच्या मनात भीती असेल तर ती रास्त आहे. शाळेत प्रशिक्षित ट्रेनर हजर असतो का आणि डोक्याला मार बसल्यावर मुलाला परत मैदानात कधी पाठवतात, हे पहिल्याच बैठकीत विचारा.

आमच्या घरात कोणीच हा खेळ खेळलेलं नाही. आमच्या मुलाने काय करावं?

माजी खेळाडू जे जाणतो ते शिकून घ्या, एवढंच.

फिल्म तीन-चार मिनिटांची ठेवा आणि सर्वांत चांगले डाव सुरुवातीलाच टाका. मुलगा कुठला ते खुणेने दाखवा, वर संगीत लावायची गरज नाही. उंची आणि वजन खरं लिहा, कारण कोच भेटल्यावर पहिल्यांदा तेच डोळ्यांनी मोजतो. पूर्ण सामन्याची फिल्मही तयार ठेवा. निवडक तुकड्यांत सगळेच छान दिसतात हे कोचला माहीत असतं.

कॅम्प निवडताना भान ठेवा. मोठ्या कॉलेजच्या कॅम्पला शेकडो मुलं पैसे भरून येतात, आणि तिथलं आमंत्रणपत्र म्हणजे ऑफर नव्हे. ज्या कॅम्पमध्ये एकाच वेळी मध्यम आणि लहान कॉलेजांचे कोच येतात, तिथे आपल्यासारख्यांच्या मुलांवर नजर पडण्याची शक्यता जास्त. शाळेच्या कोचला मान द्या. कॉलेजचा कोच पहिला फोन त्यालाच करतो आणि विचारतो, मुलगा कसा आहे, सरावाला वेळेवर येतो का.

वय वाढतं तशा जागा आणि अंगकाठी दोन्ही बदलतात. शाळेत क्वार्टरबॅक असलेला मुलगा कॉलेजात बचावपटू होतो. ‘आमचा मुलगा एवढंच खेळणार’ हा हट्ट धरू नका. आणि डिव्हिजन टू, डिव्हिजन थ्री यांना कमी लेखू नका. अभ्यासात चांगल्या असलेल्या मुलाला डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजात गुणवत्तेवर मिळणारी मदत कित्येकदा मोठ्या नावाच्या अर्ध्या स्कॉलरशिपपेक्षा भारी पडते. मराठी घरांत अभ्यासाकडे लक्ष असतंच, ती इथे मोठी जमेची बाजू आहे.

व्हिसावर असलेल्या मुलाला चालतं का?

स्कॉलरशिप घ्यायला अडचण नाही. नावाच्या कमाईचे पैसे मात्र एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर नोकरीच्या नियमांत अडकू शकतात. कुठल्याही करारावर सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा.

वडिलांच्या जुन्या कॉलेजकडून ऑफर आहे, पण मुलाला तिथे जायचं नाही. नकार कसा द्यावा?

मुलाने स्वतः फोन करावा. मेसेज पाठवू नये आणि वडिलांना पुढे करू नये. ज्या कोचने त्याच्यासाठी धावपळ केली त्याचे आभार मानावेत, निर्णय एका वाक्यात सांगावा, कारणांची लांबण लावू नये. हे ठरल्याबरोबर करावं, सहीच्या आदल्या दिवशी नव्हे, कारण त्या जागेसाठी यादीत खाली दुसरा मुलगा वाट पाहत असतो आणि त्याला वेळेवर कळलं तर त्याचं वर्ष वाचतं. वडिलांनी नंतर, वेगळा, आपल्या जुन्या ओळखीच्या माणसांना फोन करावा आणि मुलाच्या निर्णयाच्या बाजूने बोलावं.